नमुना सात

रबाळ्याचा नाला खाडीला मिळतो तिथे
ओहोटीला उतरायचं, गुडघाभर बूट घालून.
बाटली तीनदा त्याच पाण्यात विसळायची,
मग काठोकाठ भरायची. बुडबुडा राहता कामा नये.
शेजारच्या डबीत मूठभर चिखल.
झाकणावर तारीख, वेळ आणि तिथी.
तिथी माझ्यासाठी, फॉर्मात तिला रकाना नाही.

हे काम मला मिळालं
वाशीच्या हॉटेलात दोन विद्यापीठांनी सह्या केल्या म्हणून.
एक फिनलंडचं, एक आपलं,
मध्ये कारखानदारांची संघटना.
एसीच्या वाऱ्याने समई चारदा विझली,
आणि सूत्रसंचालक नऊ वेळा ‘शाश्वत’ म्हणाला.
मी मोजत होतो,
मागे उभ्या माणसाला दुसरं काय काम?

मी हरेश्वर जोमा मढवी, राहणार घणसोली गाव,
क्षेत्र साहाय्यक, करार अकरा महिने.
बाबा बत्तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात.
कुठली ऑर्डर निघाली ते जेवताना कळायचं :
तळवे कधी निळे, कधी किरमिजी,
पगाराच्या आठवड्यात बहुतेक मोरपंखी.

कारखाना उठला आमच्याच खाजणावर.
गाव नमुना सातवरून आजोबांचं नाव गेलं,
बदल्यात एका पोराला नोकरी.
आता त्याच कुंपणामागचा चिखल
प्रकल्पाच्या नकाशावर ‘नमुना सात’.
ही गंमत किर्स्तीला समजावताना
माझा पाऊण तास आणि दोन कटिंग गेले.
ती हसली नाही.
म्हणाली, माझा मामा कागद गिरणीत होता,
आम्हाला पोहायच्या आधी शिकवलं
नदीत पाय घालायचा नाही.

पहिल्या अहवालाला हवी होती ‘पूर्वस्थिती’.
कारखान्यांच्या आधीचे आकडे कुणाकडेच नाहीत,
कोठारे मॅडमनी सात कार्यालयांना पत्रं लिहिली.
मग मी किर्स्तीला घरी नेलं.
आई निवट्या साफ करत होती, बाजारातून आणलेल्या.
‘आदी काय व्हतं?’ तिने मलाच उलट विचारलं,
‘आदी खारी व्हती.’
आणि राखेच्या बोटांनी मोजत गेली
जिताडा, बोय, खरबी, चिवणी,
कालवं एवढी की पाय कापायचे.
किर्स्ती लिहीत होती, मी अक्षरं सांगत होतो.
शास्त्रीय नावं दोघांनाही येत नव्हती.

फेब्रुवारीत निकाल आला.
बारा जागांच्या चिखलांतून वाढवलेल्या जिवाणूंत
रंग खाणारे फक्त सातचे.
तिसऱ्या दिवशी काचेतला किरमिजी रंग गेला,
मॅडमनी टेबलावर थाप मारली.
पण रंग गेला तरी वीष उरलं,
ते आता दिसत नव्हतं इतकंच.
मग किर्स्तीने फ्रीजमधून तिच्या नदीचा गाळ काढला.
त्यातल्यांनी आमच्यांचं उष्टं खाल्लं.
पुरतं नाही. एकसष्ट टक्के.

हे कुठे शिकले, मी विचारलं.
उपाशी राहून, मॅडम म्हणाल्या,
इतकी वर्षं तेच वाढलंत, तेच खायला शिकले.

बाबांना सांगितलं.
खाटेवर बसून ते तळवे बघत राहिले.
खोकला थांबल्यावर म्हणाले,
‘म्हंजे चिखल सुधारला. मालक नाय.’

टाकी बसली, दोनशे लिटरची. फीत कापली.
कारखाना दिवसाला सोडतो दोन लाख.
निबंध छापून आला, नऊ नावं,
शेवटच्या ओळीत ‘स्थानिक मदतनिसांचे आभार’.
आईने विचारलं, चिवणी आली का त्यात?
आली, म्हटलं. पान चौदा, तळटीप.

आज अष्टमी. भांग आहे,
पाणी फारसं उतरणार नाही, सात हाताला लागणार नाही.
तसं किर्स्तीला कळवलं.
तिकडे पहाट असेल, तरी लगेच उत्तर आलं :
भांग म्हणजे काय?

बंधाऱ्यावर बसून लिहितोय.
चंद्रापासून सुरुवात करावी लागेल.